थांब्यामागची भिंत

काळ्या दगडाच्या जुन्या भिंती पुण्यात अजून बऱ्याच उभ्या आहेत. आमच्या बसथांब्यामागेही एक आहे. दगडांमधला चुना जागोजागी सुटलाय, पायथ्याची फरशी फुटलीय, शेजारून पावसाळी गटार जातं. श्रावणात या दहा-बारा पावलांच्या पट्ट्यात जेवढं उगवतं, तेवढं आमच्या सोसायटीच्या राखलेल्या बागेत नसतं.

फरशीच्या फटीत आंबुशी आहे. तीन बदामी पानं, इवलं पिवळं फूल, आणि पान चावलं की आंबट. नखाएवढी निळसर फुलपाखरं तिच्याभोवती घुटमळतात, ती अंडी घालायला. त्यांच्या अळ्या याच पानांवर वाढतात. शेजारी घेटुळी जमिनीलगत पसरलीय. तिची चिकट फळं चपलेला लागून पुढच्या थांब्यापर्यंत जातात. आघाडा तर साडीच्या काठालाच बिलगतो. जिवतीच्या पूजेसाठी मंडईत दुर्वांबरोबर ज्याची जुडी विकत घेतो, तोच हा आघाडा इथे गटाराच्या कडेला उभा असतो आणि त्याला कुणी ओळखत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एकदांडीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. लांब देठावर पिवळं-पांढरं एकच फूल, म्हातारीसारखं उडणारं बी. खरचटलं की तिचा पाला चोळून लावायचा, हे गावोगाव ठाऊक आहे. तिला दगडी पालाही म्हणतात. पण ही मूळची अमेरिका खंडातली! म्हणजे आपल्याकडे ती फार तर चार-पाच शतकांमागे आली असेल, आणि तेवढ्यात आजीच्या औषधांत जाऊन बसली. बाहेरून आलेलं ते सगळं वाईट, असं म्हणणाऱ्यांनी आधी तिच्याकडे पाहावं.

अर्थात गाजरगवतही तिकडचंच, आणि त्याच्याबद्दल माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही. भारतासाठी नवी वनस्पती म्हणून 1956 मध्ये त्याची नोंद छापली गेली, ती पुण्यात सापडलेल्या झाडांवरून. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर बी आलं असं मानतात. काँग्रेस गवत हे नाव त्याच काळातलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, मुळापानांतल्या द्रव्यांनी शेजारच्यांची उगवण रोखतं. अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते, परागांनी दमा बळावतो.

भिंतीच्या वरच्या सांध्यात पिंपळाचं रोप आहे. फळं खाऊन बुलबुल, मैना बसतात आणि बी तिथे पडतं. आज त्याला चार पानं आहेत. मुळं जाड झाली की दगड सरकतील. पिंपळ मला प्रिय आहे, तरी तो इथून निघायला हवा.

पावसाळ्यात या सगळ्यांवर एकच तणनाशक मारतात. आंबुशी मरते, फुलपाखरं जातात, आणि मोकळ्या झालेल्या मातीत पहिल्यांदा गाजरगवतच माजतं. ते फुलोऱ्यावर येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटायचं असतं. येत्या रविवारी सकाळी आम्ही काही जणी तेच करणार आहोत. येणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, हातमोजे आणा, आणि दम्याचा त्रास असेल तर मात्र येऊ नका. आघाड्याला हात लावायचा नाही.