कुंपणाबाहेरची प्रीती

गेल्या उन्हाळ्यात नागपूरला उद्योजकांचा एक मेळावा भरला होता. भाच्याने आग्रह केला म्हणून मीही मागच्या रांगेत जाऊन बसलो. वक्ते परगावचे होते, बोलणे मधाळ होते आणि विषय होता ख्रिस्ताची प्रीती व धंद्यातले नेतृत्व. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. तसे मालकाने कामगारांचा सेवक व्हावे, प्रत्येकाचे नाव ध्यानात ठेवावे, घरच्या आजाऱ्याची विचारपूस करावी, चुकल्यास क्षमा करावी, असे त्यांचे सांगणे. टाळ्या पुष्कळ पडल्या. बाहेर पडताना दाराशी उन्हात उभा असलेला पहारेकरी दिसला. हा आपल्याकडे किती वर्षे आहे, असे मी एका संयोजकांना विचारले. ते म्हणाले, "तो आमचा नाही हो. कंत्राटदाराचा आहे." त्यांच्या स्वरात सुटकेचा भाव होता. हा लेख त्या स्वराविषयी आहे.

मी ख्रिस्ती नाही. खाप्याच्या कोष्ट्याचा मुलगा आहे. परंतु नवा करार मी वाचलेला आहे, आणि व्याख्यानांतून ऐकू येणारी प्रीती व त्या पुस्तकातली प्रीती या एकच आहेत असे मला वाटत नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. दिवस बुडताना आलेल्या मजुरालाही त्याने दिवसभराची मजुरी दिली, एवढेच आपण लक्षात ठेवतो आणि त्याच्या औदार्याचे गोडवे गातो. पण तो मालक दिवसातून पाच वेळा मळ्याचे कुंपण ओलांडून चव्हाट्यावर गेला होता! जे रिकामे उभे होते त्यांना त्याने का उभे आहात म्हणून विचारले, आणि आम्हाला कोणी कामाला लावले नाही हे उत्तर ऐकून घेतले. शिवाय सकाळच्या मजुरांशी ठरलेले नाणे त्याने पुरते चुकवले. औदार्य दाखवले ते त्यावर. आमच्या प्रेमळ नेत्यांना ठरलेल्या नाण्याच्या ऐवजी औदार्य हवे असते, आणि चव्हाट्यावर जायला त्यांना सवड नसते.

नागपूरकरांना या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. कामगार वाटेल तेव्हा घरी राहत. दुसऱ्या मालकाने दंड बसवला असता. या पारशी गृहस्थाने गिरणीत हवा खेळती केली, बक्षिसे लावली, १८८६ साली निवृत्तिवेतनाची आणि १८९५ साली अपघाताच्या भरपाईची योजना आणली. कायदा यातले काहीच मागत नव्हता. पुढे १९२० नंतरच्या दशकात कामगारवस्त्यांतले कल्याणकार्य गिरणीने यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनकडे सोपवले. म्हणजे पारशाचा पैसा, ख्रिस्ती संस्थेचे हात आणि महार-कुणबी-कोष्ट्यांची वस्ती, असा तो योग होता. मला त्याची थट्टा करायची नाही. अशी माणसे आज दिवा घेऊन शोधली तरी सापडत नाहीत.

पण आणखी एक नोंद आहे. हिंदुस्थानातल्या पहिल्या नोंदल्या गेलेल्या संपांपैकी एक याच गिरणीत, याच १८७७ साली झाला, आणि तो मजुरीच्या दरावरून झाला. मालक चांगला असूनही संप झाला म्हणून हळहळणारे लोक मला भेटले आहेत. त्यात हळहळण्यासारखे काय आहे? चांगल्या मालकालाही दर विचारणारा कोणीतरी असावाच लागतो.

आता विलायतेकडे पाहू, कारण प्रेमळ धंद्याचे नाव निघाले की कॅडबरींचे उदाहरण हटकून पुढे येते. क्वेकर पंथाचे हे घराणे खरोखर धर्मशील होते. १८७९ साली त्यांनी बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिलला कारखाना हलवला. पुढे तेथे बागा असलेली घरे आणि खेळाची मैदाने झाली. त्यांचा कोको मात्र मोठ्या प्रमाणात साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येई, आणि तेथे अंगोलातून धरून आणलेली माणसे राबत. कागदोपत्री तीही कंत्राटी कामगारच होती! परत घरी जाणारा जवळजवळ कोणी नसे. १९०१ साली ही कुणकुण कॅडबरींच्या कानी आली; खरेदी थांबली १९०९ साली. मधल्या आठ वर्षांत चौकश्या झाल्या, पत्रे गेली, माणसे पाठवली गेली आणि कोको येत राहिला. एका वृत्तपत्राने यावर झोड उठवली तेव्हा कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला. तो ते जिंकले, आणि पंचांनी त्यांना नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. त्या पंचांचे मला फार कौतुक वाटते.

बोर्नव्हिलची प्रीती खोटी नव्हती. तिला कुंपण होते, एवढेच. कुंपणाच्या आत मालकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक होते. बाहेर माणसे नव्हतीच, माल होता.

खाप्याची गोष्ट याहून अवघड आहे. कन्हानच्या काठच्या आमच्या गावात घरोघरी माग होते. गिरण्यांचे सूत आले तसे चरखे थांबले, गिरण्यांचे कापड आले तसे लुगड्यांचे गिऱ्हाईक आटले, आणि उरलेला कोष्टी सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती गेला. माझे वडील खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणत, आई पाजणी करी, आम्ही पोरे कांड्या भरत असू. मजुरी नगावर मिळे. मजूर म्हणून नाव एकट्या वडिलांचे, तेही व्यापाऱ्याच्या वहीत, आणि तेथेही ते उचलीच्या खात्यावर.

तो व्यापारी दुष्ट असता तर मला हा लेख लिहावा लागला नसता. तो भला माणूस होता. वडिलांना विषमज्वर झाला तेव्हा त्याने स्वतः डॉक्टर आणला. दिवाळीला आमच्या घरी फराळाचे ताट येई आणि आईला तो वहिनी म्हणे. एका दिवाळीच्या तोंडावर वडिलांनी लुगड्यामागे दोन रुपये वाढवून मागितले. सुताचा भाव चढला होता, बाजारात लुगड्याचाही चढला होता. मजुरी तेवढी जागच्या जागी होती. शेटजींचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला घरचे मानतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही माझ्याशी हिशेब करता?" वडील ओशाळले. घरी येऊन कोणाशी बोलले नाहीत. दोन रुपये मिळाले नाहीत, फराळाचे ताट मात्र त्याही वर्षी आले.

या प्रकाराला ख्रिस्ती प्रीती म्हणू नये, हिंदू माया म्हणू नये, काहीच म्हणू नये. तेथे आपुलकीने हिशेबाचे तोंड बंद केले. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते, अशा अर्थाचे सांगणे आहे. त्या मजुरांना मालक कधी गोड बोलला होता की नाही, याची चौकशी याकोब करीत नाही.

मला कोणी म्हणेल की धंदा असा चालत नाही. बाहेरच्या प्रत्येकाची काळजी वाहू लागलो तर दिवाळे निघेल. कदाचित निघेल. पण मग पाय धुण्याच्या गोष्टी सभागृहात सांगू नयेत. व्यवहार करावा, त्याला व्यवहार म्हणावे, आणि समोरच्यालाही हिशेब करू द्यावा. जमशेटजींच्या गिरणीचे दिवाळे त्या योजनांनी निघाले नाही. त्यांच्यासह ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. आजारी पडून ती सरकारकडे गेली १९८६ साली आणि बंद झाली २००२ साली. तिच्या जागेवर आज बाजारसंकुल उभे आहे. तेथील झाडूवाल्या बाईला मी मागे विचारले होते की बाई, तुम्ही कोणाकडे कामाला? तिने छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिले. बिल्ल्यावर त्या संकुलाचे नाव नव्हते. "ते ठेकेदार बदलतात ना दादा," ती म्हणाली, "आता कोणाचा आहे ते विचारून सांगते."