दारूचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील उत्पादन शुल्क वाढवले. त्यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील, असा अंदाज सांगण्यात आला. जमेची बाजू अशी मांडली गेली. खर्चाची बाजू कोण लिहिणार?

आमच्या भंडारा जिल्ह्यात ती कुठल्याही गावात वाचायला मिळते. चाळिशीतला मजूर, धानाच्या बांधीत राबणारा. कधी मोहाची, कधी देशी. आधी भूक मरते, मग डोळे पिवळे होतात, मग पोटात पाणी भरते. गावचा डॉक्टर, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी नागपूर. सरकारी दवाखान्यात उपचार स्वस्त असतील. पण गाडीभाडे, बाहेरून आणलेली औषधे आणि उशाशी बसलेल्या बायकोची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? आधी तिचे डोरले गहाण पडते, मग बांधी.

हा एका घराचा तोटा झाला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय संशोधकांनी 2011 ते 2050 या काळाचा देशाचा हिशेब मांडला. उपचारांचा खर्च सुमारे 3 लाख 12 हजार कोटी रुपये. बुडालेली कमाई वगैरे धरली की एकूण बोजा 121 लाख कोटींवर जातो. दारूवरचा कर वजा केल्यावरही जवळपास 98 लाख कोटींचा तोटा उरतो, म्हणजे दरवर्षी सरासरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.45 टक्के. दवाखान्याचे बिल हा या तोट्याचा लहानसा तुकडा आहे.

कुरआनने हाच हिशेब चौदा शतकांपूर्वी मांडला. सूरह बकरामध्ये दारूत लोकांसाठी काही फायदा असल्याचे नाकारलेले नाही. पण तिचे पाप त्या फायद्याहून मोठे असल्याचे सांगितले आहे. दोन्ही बाजू तोलून मगच निवाडा. सरकारने निदान तोलावे तरी.

शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीचा वाद चालत राहील. पण आज जो आजारी आहे, त्याचे काय? केंद्र सरकारच्या 2019 च्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात.

इथे आपल्या समाजालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. दारू हराम आहे म्हणून आपल्या मोहल्ल्यात पिणारा नाहीच, असे आपण धरून चालतो. मग ज्या घरात तो असतो, ते घर लाजेने गप्प राहते. कावीळ झाली, असे पाहुण्यांना सांगते. डॉक्टरकडे नेईपर्यंत लिव्हर गेलेले असते आणि खर्च दसपट झालेला असतो. काही जण नुसती तौबा करायला लावतात. तौबा हवीच, पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. दारूच्या करातला ठरावीक वाटा सरकारने तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा आणि समुपदेशक देण्यासाठी बाजूला काढावा. आणि आपण जुम्म्याच्या बयानात दारू हराम आहे हे सांगताना, पिणारा आजारी आहे आणि त्याला दवाखान्यात नेणे हे सवाबचे काम आहे, हेही सांगावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 हा क्रमांक मशिदीच्या फलकावर लिहायला तर एक पैसाही लागत नाही.