जगण्याचा अर्थ कोणी लावायचा?

तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत 'जीवनाचा अर्थ' हा विषय आला की तो सोडविण्याची एक ठरलेली रीत आहे. चार्वाकाला एक परिच्छेद द्यावा, बुद्धाला एक, गीतेतील कर्मयोगाला दोन. वाचन अद्ययावत असल्याचे दाखवावयाचे असल्यास काम्यूचा सिसिफस शेवटी आणून उभा करावा आणि 'या सर्वच मतांत सत्याचा काही अंश आहे' असे लिहून लेखणी खाली ठेवावी. परीक्षकही गुण देऊन मोकळा होतो. परंतु हीच मते जेव्हा एका खाटेच्या दोन बाजूंना उभी राहतात आणि त्या खाटेवर एक जिवंत माणूस असते, तेव्हा समन्वयाची ही युक्ती निरुपयोगी ठरते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एका खोलीत असा प्रसंग जवळजवळ ४२ वर्षे उभा होता.

अरुणा शानबाग ही मूळची कर्नाटकातील हळदीपूरची. केईएममध्ये ती परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तेथल्याच एका कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. प्राण राहिला, बाकीचे बहुतेक सारे गेले. गुन्हेगारावर जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढेच आरोप ठेवले गेले, लैंगिक अत्याचाराचा ठेवलाच गेला नाही. तो सात वर्षांची शिक्षा भोगून बाहेर पडला, आणि अरुणा त्याच रुग्णालयात पडून राहिली. 'न्याय' हा शब्द या प्रकरणात नंतर पुष्कळ वेळा उच्चारला गेला. तेव्हा ही गोष्ट आठवावी.

पिंकी विराणी यांनी १९९८ साली तिच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अरुणाला अन्न देणे थांबवावे आणि तिला शांतपणे मरू द्यावे, ही त्यांची मागणी. या मागणीमागे क्रौर्य होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जे आयुष्य स्वतःला ओळखत नाही, ज्याला काल नाही आणि उद्या नाही, ते लांबविणे म्हणजे त्या पहिल्या रात्रीचा अत्याचारच लांबविणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. जगणे म्हणजे जाणीव, आणि जाणीव नाही तेथे केवळ श्वास, ही भूमिका आधुनिक सुशिक्षित मनाला सहज पटते. आपल्यापैकी बहुतेकांना स्वतःविषयी विचारले, तर आपणही हेच उत्तर देऊ.

खाटेच्या दुसऱ्या बाजूला केईएमच्या परिचारिका होत्या. त्यांनी जीवनाच्या अर्थाविषयी काही प्रतिपादन केले नाही. त्यांनी तिला रोज अंघोळ घातली, कूस बदलली, वाटलेले अन्न तोंडात भरवले. २०१० साली मलेरियाच्या आजारात तोंडाने घेणे कमी झाले तेव्हा नळी घातली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या या देहावर शय्याव्रण झाले नव्हते. ज्यांनी घरात महिनाभर जरी असा रुग्ण सांभाळला आहे, त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल. आवडीचा पदार्थ दिला की ती हसते, खोलीत गर्दी झाली की अस्वस्थ होते, असे रुग्णालयाने न्यायालयाला सांगितले. आणि ही सेवा करणाऱ्यांत १९७३ साली ज्या जन्मल्याही नव्हत्या अशा मुली होत्या. अरुणाशी त्यांची ना मैत्री, ना नाते. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती घरातील म्हातारे माणूस सोपवावे तशी ती त्यांच्याकडे आली होती.

वैद्यक अशा अवस्थेला 'वनस्पतिवत्' म्हणते. शब्द इंग्रजीवरून आलेला आहे आणि त्यात तुच्छता आहे. अंगणातील तुळशीला पाणी घालताना तिला आपली ओळख पटते की नाही, असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलेला नाही.

न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. निकालाचा प्रारंभ गालिबच्या शेराने होतो. कायद्याच्या पुस्तकात न सापडणारे काही तरी न्यायासनालाही हवे होते, असे त्यावरून दिसते. अरुणाची 'निकटची व्यक्ती' म्हणून याचिकाकर्तीस मान्यता मिळाली नाही. तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना मिळाला, आणि त्यांना ती जगावयास हवी होती. याचिका फेटाळली गेली. मात्र उच्च न्यायालयाच्या अनुमतीने उपचार थांबविण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली. म्हणजे अरुणाच्या नावाने जो हक्क इतरांना मिळाला, तो तिला स्वतःला लागू झाला नाही. न्यूमोनियाने १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला.

आमच्या मते त्या खोलीपुरत्या परिचारिका बरोबर होत्या. जीवनाचा अर्थ माणसाच्या कवटीच्या आतच शोधावयाचा, हा आग्रह त्यांनी एकही शब्द न बोलता खोडून काढला. अरुणाचे आयुष्य तिच्या स्वतःच्या लेखी निरर्थक झालेही असेल. त्यांच्या लेखी ते निरर्थक नव्हते, आणि अर्थ हा दोघांच्या मध्येही असू शकतो. तथापि एवढ्यावरून नियम बांधण्याची घाई नको. केईएममध्ये पाळ्या होत्या, पगार होता, औषधे होती, शेकडो हात होते. दोन खोल्यांच्या घरात हेच काम एका सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या वाट्याला येते, आणि तिने नोकरी सोडून दिल्यावर आपण तिच्या त्यागाचे गोडवे गातो. दुसऱ्याच्या पाठीवर ओझे ठेवून जीवनाचे पावित्र्य सांगणे फार सोपे असते.

शिवाय ज्याला बोलता येते त्याचे काय? पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आजार बळावल्यावर अन्न आणि औषध नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते, काम पुरे झाले असे त्यांनी स्वतः ठरविले होते. समाजाने ते मानले, कारण अर्थ लावणारा आणि जगणारा तेथे एकच होता. (निराशेच्या भरात तरुण जीव संपवू पाहतो, त्याच्याशी या गोष्टीची तुलना होऊ नये, तेथे अर्थ संपलेला नसतो, तो तात्पुरता दिसेनासा झालेला असतो, आणि त्याच्याजवळ कोणी बसणे एवढेच त्या क्षणी महत्त्वाचे असते.) अरुणाला मात्र कोणी विचारलेच नव्हते, पंचविशीतील परिचारिकेला असा प्रश्न कोण विचारणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्येच अंतर्भूत मानला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. प्रथम त्यावर दंडाधिकाऱ्याची सही लागत असे; २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. निवृत्त शिक्षकालाही एका सकाळी उरकता येईल इतके हे काम सोपे झाले आहे. अडचण नोटरीच्या कचेरीत नाही. ती रात्रीच्या जेवणाच्या वेळी येते, विषय नुसता काढताच ताट वाढणारी थांबते आणि 'भरल्या घरात असले अभद्र बोलू नका' असे म्हणते.