एकटीचं घर, एकटीचा हप्ता

या आठवड्यात एका मैत्रिणीच्या विम्याची फाइल चाळली. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, गृहकर्ज निम्मं बाकी, घरात दुसरं कुणी नाही. एजंटाने गळ्यात भलामोठा मुदत विमा मारलाय, नॉमिनी भाचा! पोरगा गोड आहे, पण त्याला कोट्यधीश करायला हिने पोटाला चिमटा का काढावा? माझं मत ठाम आहे. आईवडील अवलंबून नसतील तर एकट्या घरमालकाने आयुर्विमा कर्जाच्या थकबाकीपुरताच ठेवावा आणि उरलेला पैसा गंभीर आजाराच्या विम्यात घालावा. मेडिक्लेम रुग्णालयाचं बिल भरतो. केमो चालू असताना, बिनपगारी रजेवर, बँकेचा हप्ता कोण भरणार? गंभीर आजाराची पॉलिसी निदानानंतर एकरकमी पैसे देते. मात्र, बायांनो, अटी वाचाच: बहुतेक पॉलिसींत पहिले 90 दिवस संरक्षण नसतं, निदानानंतर बहुधा 30 दिवस हयात असावं लागतं, अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला कर्करोग अनेकदा वगळलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय. त्या वाचलेल्या पैशांत गंभीर आजाराच्या विम्याची रक्कम वाढवून घ्या.