दप्तर राहिलं, वाडा गेला

धुळ्यात पत्ता सांगायला वाड्याचं नाव लागत नाही, गल्लीचा नंबर पुरतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यात ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांचं नवं गाव वसवायला घेतलं. १८१९ मध्ये इथे घरं होती अवघी ४०१. व्यापाऱ्यांनी यावं म्हणून त्यांना सवलती दिल्या गेल्या. पुढे कापसाचा पैसा आला आणि सागवानी खांबांचे, धाब्याचे वाडे उभे राहिले.

१८७२ च्या पुरात पांझरा नदीने घरांची बरीच नासधूस केली. पण पांझरेपेक्षा वाटणीपत्रांनी जास्त वाडे पाडले, असं माझं ठाम मत आहे. एक भाऊ पुण्यात, एक सुरतेत, खालच्या खोल्यांत आजोबांच्या वेळचे भाडेकरू. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची कोणी? एक कोपरा गळतो, किलचन कुजतं, खांडं वाकतात. मग बिल्डरच्याही आधी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. तो नक्षीकडे बघतसुद्धा नाही. खांबाच्या बुडाशी खिळा टोचून वाळवी तपासतो, तुळया मोजतो आणि घनफुटाचा भाव सांगतो. महिन्याभरात तिथे बखळ होते.

गंमत अशी, की याच खानदेशात कागद जपायची परंपरा मोठी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगावचे माळे धुंडाळून दप्तरं मिळवली. ती अभ्यासकांच्या हाती आली. ज्या माळ्यांनी ती सांभाळली, त्यांचं काय झालं हे कोणी विचारलं नाही.

जुन्या जळगावातला चौधरीवाडा नशीबवान. कवयित्री बहिणाबाईंची आठवण म्हणून तो राखला गेला. पण प्रत्येक घरात बहिणाबाई कुठून आणायच्या? आणि मोठा माणूस राहून गेला तरच घर जपायचं, हा हिशेबही मला पटत नाही.

सगळे वाडे वाचवा, असं म्हणायला माझं काय जातं? गळक्या घरात राहणाऱ्याला ते सांगायची माझी हिंमत नाही. पण नवीन बांधायचं तर पालिका नकाशा मागते, तसा पाडायच्या घराचाही मागावा. तोवर ज्यांचे खांब उभे आहेत त्यांनी दिवाळीला जमलेल्या पुतण्या-भाच्यांच्या हाती टेप द्यावी. ओसरी किती खणांची, बळद कुठल्या भिंतीत, माळ्याचा जिना कुठून, सगळं मापांसकट वहीत उतरवून घ्यावं, आणि त्या वहीची एक प्रत राजवाडे मंडळात नेऊन द्यावी.