विडी ओढायची आणि वर गोळी घ्यायची?

‘डॉक्टर, विडी काही सुटत नाही, निदान अँटिऑक्सिडंटची गोळी तरी लिहून द्या,’ असे म्हणणारे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. मी देत नाही. क आणि ई जीवनसत्त्वे, तसेच बीटा कॅरोटीन, पेशींना इजा करणाऱ्या ‘मुक्त कणां’ना निष्प्रभ करतात, हे खरे. पण फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांची चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला! शेवग्याच्या पाल्यातून, गाजरातून ते खुशाल पोटात जाऊ द्यावे. (आवळ्याच्या मोसमात क जीवनसत्त्वाची महागडी बाटली घेणाऱ्यांचे मला नवल वाटते.) विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत, घरात बाटली असल्यास तिच्यावरचे घटक औषध-दुकानदाराकडून वाचून घ्यावेत.