तिची सही कुठाय?

आमच्या चाळीतला एक जण वेबसाईट काढायला निघालाय. प्रौढांसाठीची. म्हंजे काय ते तुम्हाला कळतं, उगाच पांढरपेशासारखं नाक मुरडू नका. पोरगं माझ्या बरोबरीचं. बी.एस्सी. आयटी दोन वर्षं करून फीपायी सोडलेलं, पार्सलच्या पिशव्या वाहून पाठ मोडलेलं. त्यानं माझ्याकडं दोन गोष्टी मागितल्या. वीस हजार रुपये आणि माझी मराठी. म्हणाला, 'तू कवी हायस. क्लिपांखालची वर्णनं तू लिही. मराठीत गिऱ्हाईक हाय, माल नाय.'

मी गोदीत ठेक्यावर माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कवितेनं मला आजवर एक वडापाव दिलेला नाही. पैशाची गोष्ट निघाली की माझेही कान उभे राहतात, खोटं कशाला बोलू? तीन रात्री त्याच्याबरोबर बसलो आणि सगळा धंदा समजून घेतला. समजलं ते इथं मांडतोय. कारण असा पोरगा प्रत्येक वस्तीत एक तरी असणार, आणि तो हे पान वाचत असणार.

त्याचा पहिला प्रश्न होस्टिंगचा. होस्टिंग म्हंजे भाड्याची खोली. दुसऱ्याच्या मशीनवर आपला माल ठेवायची जागा. सर्वात स्वस्त ते शेअर्ड होस्टिंग. एका मशीनवर शेकडो बिऱ्हाडं, नळ सामायिक, संडास सामायिक. शेजाऱ्यानं पाणी जास्त ओढलं की तुमची धार बारीक. व्हिडिओला तर नळ दिवसरात्र सोडलेला लागतो. त्यात स्वस्तातल्या बऱ्याच घरमालकांच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, प्रौढांचा माल इथं चालणार नाही. एक तक्रार गेली की रातोरात बिऱ्हाड रस्त्यावर. त्याच्या वर व्हीपीएस, म्हंजे त्याच मशीनमध्ये भिंत घालून काढलेली स्वतंत्र खोली. त्याच्या वर डेडिकेटेड, अख्खी मशीन आपली. आणि व्हिडिओ न अडकता गावोगाव पोचावा म्हणून जागोजाग नकला ठेवणारं सीडीएन वेगळं. त्याचं भाडं बहुतेक ठिकाणी किती माल बाहेर गेला त्यावर. गोदीतल्यासारखंच, वजनावर.

दोस्ताचा हिशेब तयार होता. 'सर्व्हर ॲम्स्टरडॅमला घेऊ. तिकडं चालतं. इथला पोलीस तिकडं काय करणार?'

मी म्हटलं, सर्व्हर ॲम्स्टरडॅमला, आणि तू? तू शिवडीत. या देशाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं कलम ६७अ घातलंय. लैंगिक कृत्य उघड दाखवणारा माल इलेक्ट्रॉनिक मार्गानं प्रसिद्ध केला किंवा पुढं पाठवला की पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. दुसऱ्या खेपेला कैद सात वर्षांपर्यंत. आणि कलम ७५ म्हणतं, गुन्हा देशाबाहेर झाला तरी त्यात इथला कॉम्प्युटर गुंतला असेल तर हाच कायदा लागू. सरकारनं २०१५ साली ८५७ साईटी बंद करायचा हुकूम काढला, चार-पाच दिवसांत तो पातळ केला. २०१८ साली पुन्हा ८२७ बंद करायला सांगितल्या. परदेशातल्या बड्या मालकांचा धंदा बुडाला का? पत्ता बदलून चालूच राहिला. बेड्या पडायच्या त्या तुझ्या हातात पडणार. कारण तू हाताशी हायस आणि तुझ्यापाशी वकिलाला पैसे नाहीत.

एवढ्यावरच हा विषय संपला असता तर मी लिहायला बसलो नसतो. भीतीनं माणूस गप्प बसतो, शहाणा होत नाही.

दुसरा प्रश्न मालाचा. दोस्ताला स्वतः शूटिंग करायचं नव्हतं. माल लायसन्सवर घ्यायचा होता. लायसन्स दोन तऱ्हेचं. एक्स्क्लुझिव्ह घेतलं तर तो माल फक्त तुमच्या दुकानात, किंमत जबर. नॉन-एक्स्क्लुझिव्ह घेतलं तर तोच माल शंभर दुकानांत, किंमत कमी. किती वर्षं दाखवायचा, किती साईटींवर, कापछाट करायची की नाही, पुढं विकता येईल की नाही, हे सगळं त्या कागदात असतं. एका दलालानं त्याला स्वस्तात पाचशे क्लिपांचा गठ्ठा देऊ केला. सोबत एक पानी हमीपत्र. 'सर्व हक्क आमच्याकडे सुरक्षित आहेत.' खाली दलालाची सही, शिक्का.

नमुना म्हणून पाठवलेली एक क्लिप दोस्तानं लावली. मी फोन त्याच्या हातातनं घेऊन उपडा ठेवला. पण आवाज चालू होता. एक बाई बोलत होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची असावी. बोली माझ्या आईची. ती कुणाला तरी म्हणाली, 'आटपा लवकर, पाणी जाईल.'

पाणी जाईल! म्हंजे नळाची वेळ झालेली. भांडी लावून ठेवलेली. ही बाई कुठल्या तरी अशाच चाळीत, अशाच झोपडपट्टीत राहते. तिच्यासमोर फोन धरलाय हे तिला ठाऊक होतं का? ठाऊक असलं तरी हा आवाज पाचशेच्या गठ्ठ्यात बांधून विकला जाणार हे ठाऊक होतं का? मी दोस्ताला म्हटलं, दलालाची सही दिसली. तिची सही कुठाय?

गोदीत बोटीवरनं खोका उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर कागद उतरतो. कुठल्या बंदरातनं निघाला, पाठवणारा कोण, घेणारा कोण, वजन किती, सीलचा नंबर काय. नंबर जुळला नाही की खोका गेटबाहेर पडत नाही. साला, कांद्याच्या पोत्यामागं जेवढा कागद असतो तेवढा या बाईमागं नाही.

कागद मागायची रीत जगात नाही असं नाही. अमेरिकेत १९८८ पासून कायदा आहे. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची नक्कल आणि जन्मतारीख जपून ठेवायची, आणि ते कागद कुठं ठेवलेत तो पत्ता मालावर छापायचा. पण तो कागद वय विचारतो, मर्जी विचारत नाही. मर्जीचा प्रश्न बाजाराला कधी पडला? डिसेंबर २०२० मध्ये. जगातल्या एका सर्वात मोठ्या साईटीवर, पॉर्नहबवर, अल्पवयीन पोरींचे आणि बलात्काराचे व्हिडिओ असल्याचं 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापलं. सहा दिवसांत व्हिसा आणि मास्टरकार्डनं हात काढून घेतला. तेव्हा साईटीनं ओळख न पटलेल्या लोकांनी टाकलेला माल एका फटक्यात काढला. सुमारे १ कोटी ३५ लाख व्हिडिओ होते, ते ४७ लाखांवर आले. म्हंजे बाकीच्यांचा टाकणारा कोण हेसुद्धा कुणी तपासलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२१ पासून मास्टरकार्डचा नियम आला, की पडद्यावरच्या प्रत्येकाची ओळख, वय आणि संमती यांचा कागद ठेवा आणि तक्रारीचा निकाल कामाच्या सात दिवसांत लावा. बायका किती वर्षं ओरडत होत्या. ऐकलं कुणी? कार्डवाल्यानं. कारण त्याची अब्रू गेली. बाईची अब्रू जाते तेव्हा धंदा वाढतो. कार्डवाल्याची जाते तेव्हा धंदा थांबतो.

आता २०२५ पासून ब्रिटनमध्ये गिऱ्हाइकाचं वय तपासल्याशिवाय साईट उघडायची नाही. टेक्सासच्या तसल्याच कायद्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी मान्यता दिली. चांगलं आहे. बघणारा कोण ते विचारतात. दिसणारी कोण, हेही तितक्याच जोरानं विचारा की.

दोस्त म्हणाला, 'बरं, सही घेऊ. हजार-पाचशे देऊन सही मिळतेच.'

इथंच गोम आहे. सॅन डिएगोमध्ये 'गर्ल्स डू पॉर्न' नावाची साईट होती. तिच्यातल्या पोरींच्या सह्या होत्या. कागद पक्के. त्यांना सांगितलेलं, की हे नेटवर येणार नाही, दूर देशात डीव्हीडीवर विकलं जाईल, तुम्हाला ओळखणारं कुणी बघणार नाही. प्रत्यक्षात सगळं नेटवर आलं. घरच्यांपर्यंत, कॉलेजापर्यंत पोचलं. बावीस जणी कोर्टात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशानं ते करार फसवणुकीचे ठरवले, १ कोटी २७ लाख डॉलरांवर भरपाई दिली आणि व्हिडिओंची मालकी त्या बायकांना दिली. २०२१ साली केंद्रीय कोर्टानं तोच हक्क चारशे दोन जणींना दिला. साईटीचा मालक पळाला, स्पेनमध्ये सापडला. २०२५ साली त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली.

मालकी बायकांना! हे वाक्य दोस्तांनो, भिंतीवर लिहून ठेवा. दंड घेणं ही एक गोष्ट. स्वतःच्या शरीराच्या चित्राची मालक होणं ही दुसरी.

आपल्याकडं मालक कोण? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रफितीचा कर्ता म्हंजे निर्माता. पैसे लावणारा. पडद्यावर जिचं अंग आहे ती 'परफॉर्मर'. २०१२ च्या दुरुस्तीनं तिला काही हक्क दिले, रॉयल्टीची तरतूद केली. पण तिनं एकदा लेखी संमती दिली की, उलट करार नसेल तर, निर्मात्याला अडवता येत नाही. 'उलट करार नसेल तर.' हे चार शब्द कुणी त्या नळावरच्या बाईला वाचून दाखवलेत? फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी मढच्या एका बंगल्यावर धाड टाकली. वेबसिरीजमध्ये काम देतो म्हणून पोरींना बोलावलं आणि भलतंच करायला लावलं, अशा तक्रारी होत्या. सही करणारीला पोटाची घाई असते. करार लिहिणाऱ्याला नसते. आम्ही ठेक्यावर जातो तेव्हा कोऱ्या कागदावर अंगठे देतो, आम्हाला हे कुणी शिकवायला नको.

मग उपाय काय, बंदी? बंदीवाले आपले मित्र नव्हेत. आपल्याच लोकांच्या लिहिण्याला अश्लील म्हणणारे तेच. १९७२ साली राजा ढाले यांनी 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात दलित बाईची अब्रू लुटणाऱ्याला दंड किती आणि झेंड्याच्या अपमानाला दंड किती, असा सवाल टाकला. लोकांचं डोकं झेंड्यावरनं फिरलं. बाईवरनं कुणाचं फिरलं नाही. आजचं कलम ६७अ त्याच डोक्यानं चालतं. माल उघडानागडा आहे का एवढंच ते विचारतं. बाईची मर्जी होती की नव्हती, पैसा कुणी खाल्ला, हे विचारत नाही. म्हणून आपल्या खुशीनं आपलीच फीत विकणारी बाई आणि तिला फसवून विकणारा दलाल, दोघं एकाच कलमात. ब्रिटनमधून चालणाऱ्या ओन्लीफॅन्सवर तरी विक्रीचे ऐंशी टक्के बाईला आणि वीस टक्के दुकानाला असा हिशेब आहे. इथं दलालाकडं शंभर आणि बाईकडं बदनामी. कलम ६६ई आहे, मर्जीशिवाय खाजगी अंगाचं चित्र काढलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. कायद्याला मर्जी हा शब्द ठाऊकच नाही असं नाही. मग त्याच शब्दावर सगळा कायदा उभा करा.

१९३६ च्या जूनमध्ये बाबासाहेब मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या बायांशी, जोगतिणी-मुरळ्यांशी बोलले. हे जिणं सोडा म्हणाले. काही जण आज ते बोलणं बायांना हाणायला काठी म्हणून वापरतात. मला त्यातलं एकच दिसतं. बाबासाहेब त्यांच्याविषयी दुसऱ्यांशी बोलले नाहीत. त्यांच्याशी बोलले. माणूस म्हणून समोर बसवून बोलले. आपण त्यांच्याशी कधी बोलणार? की फोन उपडा करून आपलं मन साफ झालं म्हणणार? मीही तेवढंच केलं, हे इथं कबूल करतो.

वीस हजार मी दिले नाहीत. वर्णनंही लिहिणार नाही. दोस्त चिडलाय. जिन्यात समोर आला तर मान फिरवतो. त्याचं चुकलं नाही, त्याला काम पाहिजे. आणि ते या व्यवस्थेनं दिलेलं नाही, हे मी विसरत नाही. पण भुकेल्यानं भुकेलीला विकून पोट भरायचं, ही या व्यवस्थेचीच शिकवण आहे. ती आपण पाळायची नाही.

त्याला मी शेवटी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. सर्व्हर कुठला, लायसन्स कुठलं, हे नंतर. आधी ती बाई शोध. कागद तिच्या भाषेत लिही, तिला वाचून दाखव. सही तिची, मालकी तिची, वाटा तिचा, आणि मनात येईल त्या दिवशी सगळं पुसून टाकायचा हक्क तिचा. हे जमत असेल तर कायदा बदलायच्या लढाईला मी तुझ्याबरोबर उभा राहीन. जमत नसेल तर ते दुकान उघडू नकोस.

आणि वर्णन? ते तिचं ती लिहील. तिची मराठी माझ्यापेक्षा खरी आहे.